न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीचा परिचय लिहायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

लेखनार्थी (प्रश्न)

नमस्कार. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही जण मिळून एक छोटे नियतकालिक काढतो. त्यात परदेशी विद्यापीठांची ओळख करून देणारी लेखमाला सुरू आहे आणि न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीवरचा लेख माझ्या वाट्याला आला आहे. गेले दोन आठवडे मिळेल ते वाचतो आहे. अडचण अशी की जवळपास प्रत्येक परिचय 'हे एक मोठे खासगी शहरी संशोधन विद्यापीठ आहे' अशा वाक्याने सुरू होतो आणि मग स्थापनेचे साल, विद्याशाखांची जंत्री, नामवंत माजी विद्यार्थी आणि क्रमवारीतले स्थान एवढे सांगून संपतो. ही संस्था इतरांहून वेगळी कशी, हे मला अजून सांगता येत नाही. मग वाचणाऱ्या विद्यार्थ्याला काय सांगणार?

त्या वाक्यातल्या एकेका शब्दापाशीच मी अडतो. 'खासगी' म्हणजे कोणाच्या मालकीचे? आपल्याकडे खासगी विद्यापीठ म्हटले की एखादी शिक्षणसंस्था किंवा घराणे डोळ्यांसमोर येते, तसेच तिकडे असते का? 'शहरी' म्हणजे केवळ शहरात असलेले की आणखी काही? या विद्यापीठाला कॅम्पसच नाही असेही वाचले, तेव्हा साठेक हजार विद्यार्थी शिकतात तरी कुठे? आणि एका लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथेच शिकले असे म्हटले होते, तर दुसऱ्यात कोलंबियाचे नाव होते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. यादीपेक्षा कारणे समजून घेण्याची इच्छा आहे.

संदर्भदालन

आपल्या शेवटच्या शंकेचे निरसन आधी करतो, कारण ही चूक छापून गेली तर ती पुढे दहा ठिकाणी उतरवली जाते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यू यॉर्कला गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये तेथून लंडनला गेले आणि कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ मध्ये मिळाली. याच विद्यापीठाने १९५२ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीचा या इतिहासाशी संबंध नाही.

घोटाळा नावांमुळे होतो. कोलंबिया आणि न्यू यॉर्क युनिव्हर्सिटी ही दोन्ही खासगी आणि दोन्ही न्यू यॉर्क शहराच्या मॅनहटन या भागातच आहेत. याखेरीज 'स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्क' हे राज्याचे आणि 'सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्क' हे शहराच्या नावाचे, अशी दोन सार्वजनिक विद्यापीठे आहेत आणि त्या प्रत्येकाखाली अनेक महाविद्यालये येतात. त्यात भर म्हणजे आपण ज्याविषयी लिहीत आहात त्या विद्यापीठाचे १८९६ पर्यंतचे अधिकृत नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ द सिटी ऑफ न्यू यॉर्क' असे होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले कागद वाचताना ते सार्वजनिक असल्याचा समज सहज होतो. लेखाच्या आरंभीच चौकटीत चार ओळी देऊन ही चार नावे वेगळी करावीत, असे मला वाटते.

अर्थवेध

आपण कारणे मागितली आहेत म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते या विद्यापीठाचा इतिहास एका सूत्राने समजतो: त्याच्यापाशी पूर्वापार जमीन आणि साठवलेला पैसा कधीच पुरेसा नव्हता, त्यामुळे ते विद्यार्थ्यांच्या फीवर आणि शहराच्या आकर्षणावर जगत आले. त्याचे गुण आणि त्याच्यावरचे आक्षेप, दोन्हींची मुळे बहुतांशी येथेच सापडतात.

प्रथम 'खासगी' या शब्दाविषयी. अमेरिकेत अशा विद्यापीठाला मालक नसतो. न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळाने १८३१ मध्ये दिलेल्या सनदेने ही संस्था अस्तित्वात आली. तिचा कारभार विश्वस्त मंडळ पाहते, या मंडळावर सरकार माणसे नेमत नाही, आणि शिल्लक राहिलेला पैसा कोणालाही वाटून घेता येत नाही. या व्यवस्थेला कायद्याचे बळ मिळाले ते त्याआधी बारा वर्षे, १८१९ मध्ये, डार्टमथ महाविद्यालयाच्या खटल्यात. राज्याने दिलेली सनद हा करार असतो आणि विधिमंडळाला तो एकतर्फी बदलता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिला. म्हणून 'खासगी' याचा अर्थ 'सरकारच्या नियंत्रणाबाहेरचे, पण सार्वजनिक हेतूचे' असा घ्यावा. 'सरकारी पैशाविना' असा मात्र घेऊ नये, कारण संशोधनाची अनुदाने फार मोठ्या प्रमाणावर संघराज्य सरकारकडून येतात आणि शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना मालमत्ता करातून सूट असते.

आता स्थापनेविषयी. संस्थापकांत अग्रणी होते आल्बर्ट गॅलटिन. जिनिव्हात जन्मलेले हे गृहस्थ जेफरसन आणि मॅडिसन या दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात अमेरिकेचे अर्थमंत्री होते. धर्मोपदेशक आणि जमीनदार यांच्या मुलांपुरते असलेले उच्च शिक्षण व्यापारी आणि कारागीर यांच्या घरांपर्यंत पोहोचावे, आणि ते कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात नसावे, ही त्यांची भूमिका होती. संस्थेला वळण मात्र धर्मगुरूंच्या कलाने लागू लागले आणि गॅलटिन यांनी वर्षभरातच राजीनामा दिला. ही हकीकत परिचयपर लेखांत सहसा येत नाही, पण ती यावी असे मला वाटते. कारण त्यांची कल्पना त्यांच्या पश्चात, शंभरेक वर्षांनी, वेगळ्या रीतीने खरी झाली.

आरंभी विद्यापीठाला ना राजाश्रय होता ना मोठे जमीनदान. मॅनहटनमधील वॉशिंग्टन स्क्वेअर या उद्यानाच्या पूर्वेला १८३०च्या दशकात उभारलेल्या इमारतीतल्या खोल्या चित्रकारांना आणि संशोधकांना भाड्याने द्याव्या लागत. चित्रकलेचे प्राध्यापक सॅम्युएल मोर्स त्याच इमारतीत राहत आणि त्यांनी तारयंत्राचे प्रयोग तेथेच केले. याउलट राजाच्या सनदेने १७५४ मध्ये स्थापन झालेल्या कोलंबियाकडे मॅनहटनच्या मध्यभागी जमीन होती. ज्या जागेवर रॉकफेलर सेंटर उभे राहिले ती कोलंबियाचीच होती आणि तिने १९८५ मध्ये ती ४० कोटी डॉलरना विकली. दोन्ही विद्यापीठे एकाच शहरातली, दोन्ही खासगी. पण एकापाशी भाडे देणारी जमीन होती आणि दुसरे स्वतःच्या खोल्या भाड्याने देत होते. हा फरक समजला की पुढचे बरेच समजते.

१८९४ मध्ये विद्यापीठाने पदवीचे विद्यार्थी शहराच्याच ब्रॉन्क्स या दुसऱ्या भागातील एका टेकडीवर नेले. तेथे हिरवळ होती, स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुविशारदाने बांधलेले घुमटाचे भव्य ग्रंथालय होते, म्हणजे आपण ज्याला कॅम्पस म्हणतो ते सर्व होते. मात्र १९७०च्या सुमारास विद्यापीठ आणि शहर दोन्ही आर्थिक संकटात सापडले आणि १९७३ मध्ये ही संपूर्ण टेकडी ६.२ कोटी डॉलरना विकावी लागली. आज तेथे सार्वजनिक विद्यापीठाचे ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेज आहे. तेव्हाच अभियांत्रिकी विभागही हातचा गेला आणि शहराच्याच ब्रुकलिन या भागातल्या पॉलिटेक्निक संस्थेत विलीन झाला. तेव्हा 'या विद्यापीठाला कॅम्पस नाही' हे वाक्य अपुरे आहे. कॅम्पस होता, तो विकून विद्यापीठ वाचवावे लागले.

त्या काळात मदतीला आलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विधी महाविद्यालयाच्या काही माजी विद्यार्थ्यांनी १९४७ मध्ये म्यूलर नावाची मॅकरोनी बनवणारी कंपनी महाविद्यालयासाठी खरेदी केली, जेणेकरून तिचा नफा शिक्षणावर खर्च व्हावा. शिक्षणसंस्थेची म्हणून कंपनीला आयकर लागू नये, असा दावा होता. स्पर्धक उत्पादकांनी अर्थातच आक्षेप घेतला, प्रकरण अमेरिकेच्या संसदेत गाजले, आणि धर्मादाय संस्थेने मूळ उद्देशाशी संबंध नसलेल्या व्यवसायातून मिळवलेल्या उत्पन्नावर कर लावणारी तरतूद १९५०च्या महसूल कायद्यात झाली. ती तरतूद आजही लागू आहे. पुढे १९७६ मध्ये ही कंपनी ११.५ कोटी डॉलरना विकली गेली आणि त्या पैशाने विधी महाविद्यालयाला असे स्थैर्य आले की पुढील दोन दशकांत ते देशातल्या अग्रगण्य विधी महाविद्यालयांत गणले जाऊ लागले.

१९८१ नंतर, जॉन ब्रॅडेमस अध्यक्ष असताना, विद्यापीठाने देणग्यांचा मोठा ओघ सुरू केला, वसतिगृहे घेतली आणि शहरातल्या घरून ये-जा करणाऱ्या मुलांचे विद्यापीठ ही ओळख बदलून देशभरातून विद्यार्थी आणले. तरीही आकडे पाहावेत: आज त्याचा स्थायी निधी, म्हणजे गुंतवून ठेवलेली देणग्यांची पुंजी, ६ अब्ज डॉलरच्या आसपास आहे, हार्वर्डचा ५० अब्जांहून अधिक आहे, आणि तेथील विद्यार्थी निम्म्याहूनही कमी आहेत. दर विद्यार्थ्यामागे हिशेब केल्यास हा फरक सुमारे वीसपट भरतो. म्हणून फी कमी करणे या विद्यापीठाला इतके कठीण जाते.

गणितमार्गी

'संशोधन विद्यापीठ' या शब्दाविषयी दोन गोष्टी सांगतो. तांत्रिक अर्थ असा: अमेरिकेत कार्नेगी वर्गीकरण नावाची एक पद्धत आहे आणि २०२५ पासून तिच्या सर्वोच्च संशोधन गटात येण्यासाठी संस्थेने वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधनावर खर्च केलेले असावेत आणि किमान ७० संशोधनपर डॉक्टरेट दिलेल्या असाव्यात, एवढाच निकष आहे. न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीचा वार्षिक संशोधन खर्च १०० कोटी डॉलरच्या पुढे आहे, म्हणजे निकषाच्या वीसपटीहून जास्त. तेव्हा या शब्दाने फारसे काही कळत नाही. एखादा विभाग कसा वाढला ते सांगितले तर कळते, म्हणून मला परिचय असलेल्या एका विभागाविषयी लिहितो.

रिखार्ड कूरांट हे जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या जगप्रसिद्ध गणित संस्थेचे संचालक होते. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना पदावरून दूर केले. वर्षभर केंब्रिजमध्ये काढून ते १९३४ मध्ये न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीत आले. तेव्हा येथे गणितात नाव घेण्याजोगे संशोधन नव्हते. कूरांट यांनी मात्र एक गोष्ट हेरली: या शहरात स्थलांतरितांच्या घरांतली असंख्य हुशार मुले आहेत, ती दिवसा काम करून संध्याकाळच्या वर्गांना येतात आणि त्यांना दूरच्या श्रीमंत विद्यापीठांत जाणे परवडत नाही. या मुलांना घेऊन त्यांनी उपयोजित गणिताची शाखा उभी केली. तीच आजची कूरांट इन्स्टिट्यूट.

अर्थवेध यांनी फीवर चालणाऱ्या विद्यापीठाविषयी लिहिले, त्याची ही दुसरी बाजू आहे. ज्याच्या दारात शहरातला कोणीही येऊ शकतो अशा संस्थेला अनपेक्षित माणसे लाभतात. बुडापेस्टहून किशोरवयात आलेले पीटर लॅक्स येथेच पदवीधर झाले, येथेच १९४९ मध्ये पीएच.डी. झाले आणि आयुष्यभर येथेच शिकवत राहिले. त्याच वर्षी लुई निरेनबर्ग यांनीही येथून डॉक्टरेट घेतली. कॅथलीन मोराविट्झ यांनी १९५१ मध्ये प्रबंध पुरा केला आणि १९८४ मध्ये त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. अमेरिकेत गणित संस्थेच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि १९६३ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून सी. आर. राव यांचे विद्यार्थी एस. आर. एस. वरधन येथे आले ते कायमचे. गणितातला आबेल पुरस्कार २००३ पासून दिला जातो. पहिल्या तेरा वर्षांत या एका संस्थेतल्या चौघांना तो मिळाला: लॅक्स यांना २००५ मध्ये, वरधन यांना २००७ मध्ये, मिखाईल ग्रोमोव्ह यांना २००९ मध्ये आणि निरेनबर्ग यांना २०१५ मध्ये. आपल्या वाचकांसाठी वरधन यांच्यावर एक परिच्छेद अवश्य लिहावा. चेन्नईच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून निघालेला विद्यार्थी संभाव्यताशास्त्रातल्या अतिदुर्मिळ घटनांचा सिद्धांत घडवतो, आणि तो सिद्धांत आज विमाव्यवसायापासून भौतिकशास्त्रापर्यंत सर्वत्र वापरला जातो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

वैद्यकीय महाविद्यालयाचीही कथा अशीच आहे. पोलिओच्या दोन लशी जगाला देणारे दोघे, टोचायच्या लशीचे जोनास साल्क आणि तोंडावाटे द्यायच्या लशीचे आल्बर्ट सेबिन, हे दोघेही याच महाविद्यालयाचे पदवीधर. दोघेही ज्यू स्थलांतरित घरांतले. त्या काळी अनेक नामांकित वैद्यकीय महाविद्यालये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर छुपी मर्यादा घालत असत. गॅलटिन यांची कल्पना शंभर वर्षांनी खरी झाली, असे अर्थवेध म्हणतात त्याला माझ्या मते हाच सर्वांत ठोस पुरावा आहे.

नगररचना

'शहरी' या शब्दावर मी थोडी असहमती नोंदवू इच्छितो. वरील दोन्ही प्रतिसादांत शहर हे विद्यापीठाला काही ना काही देणारे म्हणून आले आहे. विद्यापीठ शहराकडून काय घेते, हेही सांगायला हवे.

वॉशिंग्टन स्क्वेअर हे विद्यापीठाच्या इमारतींनी वेढलेले उद्यान छायाचित्रांत कॅम्पसच्या हिरवळीसारखे दिसते, परंतु ते महापालिकेचे सार्वजनिक उद्यान आहे. त्यातली संगमरवरी कमानही स्टॅनफर्ड व्हाइट यांचीच आहे, पण तिच्याशी विद्यापीठाचा मालकीचा संबंध नाही. फार वर्षे पदवीदान समारंभ या उद्यानात होत असे. २००८ मध्ये उद्यानाच्या नूतनीकरणामुळे तो ब्रॉन्क्समधील यांकी स्टेडियमवर न्यावा लागला आणि नंतर बहुतेक वर्षे तो तेथेच होत आला आहे. स्वतःच्या सर्व विद्यार्थ्यांना एकत्र बसवता येईल अशी जागा या विद्यापीठापाशी नाही. 'मोठे' आणि 'शहरी' हे दोन शब्द एकत्र आले की असे होते.

उद्यानाच्या दक्षिणेला आज विद्यापीठाच्या ज्या उंच इमारती दिसतात, त्यांतल्या बऱ्याच १९५०च्या दशकात शहराच्या पुनर्विकासाचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांनी जुनी वस्ती हटवून मोकळ्या केलेल्या जमिनीवर आहेत. आय. एम. पेई यांनी आखलेले तीन मनोरे त्याच पट्ट्यात आहेत. त्यांतला एक परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवावा लागला, हे मुद्दाम नोंदवतो. १९७३ मध्ये पूर्ण झालेले बारा मजल्यांचे बॉब्स्ट ग्रंथालय फिलिप जॉन्सन आणि रिचर्ड फॉस्टर यांनी बांधले. उद्यानावर त्याची सावली पडेल म्हणून रहिवाशांनी विरोध केला होता. आत मात्र पूर्ण उंचीचा मोकळा चौक आहे आणि त्याभोवती मजल्यामजल्यांवर वाचनकक्ष आहेत. तेथे दोन वर्षे रोज बसून वाचण्याचे भाग्य मला लाभले, म्हणून त्या इमारतीविषयी माझ्या मनात ममत्व आहे. तरीही विरोध करणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

हा संघर्ष संपलेला नाही. २०३१ या द्विशताब्दी वर्षापर्यंत विस्तार करण्याची योजना विद्यापीठाने मांडली, नगर परिषदेने ती २०१२ मध्ये काही काटछाट करून मंजूर केली, रहिवासी आणि प्राध्यापकांचे काही गट न्यायालयात गेले, आणि २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. विरोधकांत विद्यापीठाचेच प्राध्यापक मोठ्या संख्येने होते, कारण तेही त्याच मोहल्ल्यात राहतात. त्या परिसरात भिंत नाही, फाटक नाही. केवळ इमारतींवरच्या जांभळ्या झेंड्यांवरून विद्यापीठ ओळखायचे. भिंत नसल्यामुळे विद्यार्थ्याला शहर मिळते, पण शेजाऱ्याला विद्यापीठ कुठे थांबणार ते कधीच कळत नाही. आपल्या लेखात ही दुसरी बाजू यावी.

लेखनार्थी

सर्वांचे मनापासून आभार. आंबेडकरांविषयीची दुरुस्ती तर तातडीने केली. वाचता वाचता दोन शंका निर्माण झाल्या. एक, निधी अपुरा आणि जागा अपुरी असताना या विद्यापीठाने अबू धाबी आणि शांघाय येथे संपूर्ण पदवी देणारी केंद्रे कशी उभारली? दोन, आपले विद्यार्थी फीचा विचार करणारच. त्यांना प्रामाणिकपणे काय सांगावे?

अर्थवेध

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच आहे. शहरात वाढायला जागा नाही आणि बांधायला पैसा नाही, म्हणून जॉन सेक्स्टन अध्यक्ष असताना विद्यापीठ बाहेर वाढले, आणि खर्चाचा मोठा भार यजमानांनी उचलला. अबू धाबीचे केंद्र तेथील सरकारच्या पैशाने २०१० मध्ये सुरू झाले. शांघायचे केंद्र तेथील एका सार्वजनिक विद्यापीठाच्या भागीदारीत सुरू होऊन त्यात २०१३ मध्ये पहिली तुकडी आली. शैक्षणिक दर्जाच्या दृष्टीने हे प्रयोग यशस्वी म्हणता येतील. मात्र अबू धाबीतील बांधकामावरच्या स्थलांतरित मजुरांच्या स्थितीविषयी गंभीर तक्रारी झाल्या, आणि विद्यापीठाने घालून दिलेल्या श्रममानकांच्या बाहेर सुमारे १० हजार मजूर राहून गेल्याचे स्वतंत्र चौकशीत २०१५ मध्ये निष्पन्न झाले. या मजुरांत भारतीय उपखंडातले लोक फार होते, त्यामुळे आपल्या वाचकांपासून ही माहिती दडवू नये. २०१३ मध्ये कला आणि विज्ञान विद्याशाखेच्या प्राध्यापकांनी सेक्स्टन यांच्यावर अविश्वास व्यक्त केला, त्यामागे विस्ताराचा हा वेगही होता.

फीविषयी: पदवी अभ्यासक्रमाला राहण्याजेवणासह वर्षाला ९० हजार डॉलरच्या वर खर्च येतो. पदवी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदत मिळते, परंतु पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना, म्हणजे आपले बहुतेक विद्यार्थी ज्यासाठी जातात त्यांना, ती फार कमी असते. पीएच.डी.चे चित्र उलट आहे. तेथे फी माफ असते आणि निर्वाहवेतन मिळते. अध्यापन साहाय्यकांच्या संघटनेशी करार करणारे हे अमेरिकेतले पहिले खासगी विद्यापीठ. तो करार २००२ मध्ये झाला, २००५ मध्ये विद्यापीठाने तो पुढे चालवण्यास नकार दिला, दीर्घ संपानंतरही काही साध्य झाले नाही, आणि २०१३ मध्ये संघटनेला पुन्हा मान्यता मिळाली. २०१८ मध्ये मोठ्या देणग्यांच्या बळावर एम.डी.च्या (तिकडे ही डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी) सर्व विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क माफ करण्यात आले. एकाच विद्यापीठात एका इमारतीत शिक्षण विनामूल्य आणि दुसरीत कर्ज काढून, अशी ही स्थिती आहे. म्हणून 'या विद्यापीठाची फी किती' हा प्रश्न विभागाचे नाव घेतल्याशिवाय विचारू नये, असे विद्यार्थ्यांना सांगावे.

अभियांत्रिकी तर फिरून परत आली. १९७३ मध्ये ज्या ब्रुकलिन पॉलिटेक्निककडे विभाग गेला होता, ती संस्थाच २०१४ मध्ये या विद्यापीठात विलीन झाली. तिला चंद्रिका आणि रंजन टंडन या दांपत्याने १० कोटी डॉलरची देणगी दिल्यामुळे २०१५ पासून ती टंडन स्कूल म्हणून ओळखली जाते. चंद्रिका टंडन मूळच्या चेन्नईच्या. आपल्याकडून जाणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा पत्ता बहुधा हाच असतो, मॅनहटनचा नव्हे. हे त्यांना निघण्यापूर्वी ठाऊक असावे.

संदर्भदालन

मूळ प्रश्न सुरुवात कुठून करावी असा होता, तो राहूनच गेला. माझी सूचना अशी: एका इमारतीपासून करावी.

वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पूर्वेला, एक गल्ली ओलांडून, दहा मजल्यांची एक इमारत आहे. १९११ मध्ये तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल नावाचा ब्लाउज शिवण्याचा कारखाना होता. २५ मार्चला संध्याकाळी तेथे आग लागली. जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली होत्या. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या कायद्यांना या आगीने गती दिली. शेजारची इमारत न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीची होती आणि तिचे छत अधिक उंचावर होते. त्या वेळी विधी महाविद्यालयाचा वर्ग चालू होता. प्राध्यापक आणि विद्यार्थी छतावर धावले, त्यांनी शिड्या खाली सोडल्या आणि जळत्या इमारतीच्या छतावर अडकलेल्या अनेकांना वर ओढून घेतले.

पुढे फ्रेडरिक ब्राउन नावाच्या जमीन-व्यावसायिकाने ती इमारत घेतली आणि १९२९ मध्ये विद्यापीठाला देऊन टाकली. आज तिला ब्राउन बिल्डिंग म्हणतात आणि तिच्यात रसायनशास्त्राच्या व जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. दर वर्षी २५ मार्चला मृतांची नावे खडूने त्यांच्या त्यांच्या राहत्या घरांसमोर पदपथावर लिहिली जातात. २०२३ पासून इमारतीच्या दर्शनी भागावर पोलादी स्मारकही आहे.

लेखनार्थी

ही सुरुवात पक्की केली. पहिला परिच्छेद छतावरच्या शिड्यांचा असेल आणि 'मोठे खासगी शहरी संशोधन विद्यापीठ' हे वाक्य मी काढून टाकतो आहे. नगररचना यांना एक विनंती: ब्राउन बिल्डिंगपासून बॉब्स्ट ग्रंथालयापर्यंत चालत जाताना वाटेत काय काय लागते, हे आपण सवडीने लिहून पाठवाल का? लेखासोबत हाताने काढलेला नकाशा द्यायचा विचार आहे.